मदत हवी आहे: रॅपच्या ठेक्यावर जपानी सुलेखन, फटकाऱ्याचं टायमिंग कसं तपासावं?

नमस्कार मंडळी,

मी तोक्योत निशि-कासाईला राहतो. दिवसा नोकरी, आणि रात्री एका जपानी मित्राबरोबर मोबाइलसाठी एक छोटा गेम करतोय. रॅप त्याचा, कोड माझा. रॅप वाजत असताना खेळणाऱ्याने ठेक्यावर, कुंचल्याने लिहावं तसं बोटाने जपानी अक्षर लिहायचं. तीन महिने एकाच जागी अडकलोय, म्हणून हा धागा.

कल्पना सुचली ती मुलीमुळे. इथे शाळेत तिसरीपासून कुंचल्याने लिहायला शिकवतात, म्हणून तिला शोदोच्या, म्हणजे जपानी सुलेखनाच्या, क्लासला घातलंय. एकदा तिला आणायला लवकर पोचलो, तेव्हा बाई मागून तिचा हात धरून आडवी रेघ काढून घेत होत्या आणि तोंडाने म्हणत होत्या, "तोन्, सूऽऽ, तोन्." पहिल्या तोन्‌ला कुंचला टेकतो, सूऽऽला सरकतो, दुसऱ्या तोन्‌ला थांबून उचलला जातो. मी दारातच उभा राहिलो. ठेका आधीपासून तिथे होताच!

जपानी रॅपही याला सोयीचा आहे, कारण ती भाषा मात्रांवर चालते. 'निप्पोन्' म्हणजे नि-प्-पो-न्, चार मात्रा. आपल्या मात्रावृत्ताच्या हिशेबानेही जोडाक्षरामुळे 'नि' गुरू होतो आणि चारच भरतात. शाळेत लघु-गुरू पाडलेल्या माणसाला हे पटकन कळतं.

आता अडचण. सुरुवातीला 'एइ' (अर्थ: चिरंतन) हे अक्षर घेतलं. कुंचल्याचे आठ मूलभूत फटकारे या एकाच अक्षरात येतात आणि शिकवताना त्याचाच दाखला देतात. मला वाटलं, आठ फटकारे, चार-चार ठोक्यांच्या दोन बारमध्ये (आवर्तनांत) आठ ठोके, झालं काम. पण कुंचला उचलला जातो पाचच वेळा. दुसऱ्या रेघेत आडवा, उभा आणि आकडा (हुकसारखं वळण) असे तीन फटकारे सलग येतात, तिसरीत दोन. म्हणजे आठांतले तीन ठोके बोट काचेवर असतानाच, वळणावर पडतात. तिथे 'टच' ही घटनाच घडत नाही, मग मोजायचं काय?

जुने गेम पाहिले. १९९६च्या 'पॅरप्पा द रॅपर'मध्ये रॅप आहे, पण तिथे बटण दाबायचं असतं, म्हणजे तो एक क्षण आहे. २००६च्या 'ओकामि'मध्ये कुंचला आहे, पण तो हातात घेतला की सगळं जग थांबतं. आमचं गाणं थांबवता येत नाही.

दोन प्रयोग केले. फक्त सुरुवात तपासली, तर लोक भर्रकन रेघ ओढून पुढच्या ठोक्याची वाट बघत बसतात. मग प्रत्येक फ्रेमला बोट कुठे असावं ते तपासलं. ते क्लासच्या बाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा खेळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, हे लिहिणं नाही, गिरवणं आहे. त्यांचं बरोबर आहे. कुंचल्याचं लिहिणं टकटक करण्यावर आणायचं असेल, तर मला हा गेम करायचाच नाही.

दुसरं, ब्लूटूथ इअरफोन लावले की सगळंच मागे पडतं. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) बारचा सोळावा भाग साधारण १६७ मिलिसेकंदांचा, आणि उशीर त्याहूनही जास्त जाणवतो. गेम गोडो या गेम इंजिनमध्ये आहे. कुणी ऑडिओवर काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी तबला वाजवतो, कोडमधलं कळत नाही. पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जाणं, आठवा. एका स्वरावरून सुटायचं ते मात्रेवर आणि पोचायचं तेही मात्रेवर, मधला प्रवास गाणाऱ्याचा. तुमच्या वळणांवर तेच करा. बोट वळणाच्या जागी ठोक्याला पोचलं का, एवढंच बघा. मधे ते कसं गेलं हे विचारू नका.

प्रतिसाद २

उशिराबद्दल. गेमचा टायमर वापरू नका, गाण्याची जागा ऑडिओकडूनच घ्या. गोडोत प्लेबॅक पोझिशनमध्ये (गाणं कुठवर आलंय) शेवटच्या मिक्सनंतरचा वेळ जोडा आणि आउटपुट लेटन्सी (आवाज बाहेर पडायला लागणारा वेळ) वजा करा. ब्लूटूथचा उशीर यंत्र खरा सांगेलच असं नाही. त्यासाठी सुरुवातीला सोळा ठोके देऊन टॅप करायला लावा, फरकांचा मध्यक घ्या, सरासरी नको. एखादा टॅप चुकला तर सरासरी बिघडते. आणि हा आकडा प्रत्येक इअरफोनसाठी वेगळा साठवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मध्यक काल रात्रीच घातला, फरक लगेच कळला.

मींडेवरून आणखी एक सुचलं. कुंचला कागदावर थांबून राहिला की शाई पसरते, त्याला निजिमि म्हणतात. वेगाने ओढला की रेघ कोरडी, तुटक येते, ती कासुरे. आता बोट वळणावर लवकर येऊन थांबलं की तिथे शाई पसरते आणि ठोका हुकला हे डोळ्यांनाच दिसतं. 'गुड', 'बॅड' असे शब्द काढून टाकले. मुलीने काल 'एइ' सहा वेळा लिहिलं. सहाव्या वेळी आकड्याच्या टोकाला डाग पडला नाही, तेव्हा ती स्वतःच "तोन्!" म्हणाली.

एक गाठ उरली आहे. शोदोत कासुरे हा दोष नाही, जाणत्या हातात ते सौंदर्य आहे. मग घाईने आलेलं कासुरे आणि मुद्दाम आणलेलं कासुरे कोडने कसं ओळखावं? फोनच्या काचेवर दाब मिळत नाही, हाताशी फक्त वेग आणि वेळ आहे. तबलेवाले दादा, द्रुत लयीत हात घाईत आहे की तयारीचा आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता?