पगार बँकेतच घ्या, नाही तर कामावर येऊ नका : मालकाले असं म्हणता येते का?

रेचावाली
मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सीझनभर कामाले जातो आम्ही आठ-दहा बाया, शनिवारी हप्ता रोख मिळायचा अन रविवारी बाजार. यंदा मालक म्हणते पगार खात्यातच, अन खातं पण त्यानं सांगितलेल्याच बँकेत काढा. माझं खातं हाय ना दुसऱ्या बँकेत! नव्या बँकेत जायचं म्हणजे तालुक्याले, एसटी सकाळी एक अन संध्याकाळी एक, पैसे काढाले गेली का त्या दिवशीची रोजी गेली. असं करता येते का?

कायद्याचं बोला
ताई, खात्यात देता येते. १९३६ च्या वेतन कायद्यात आधी मजुराची लेखी संमती लागायची, नोटबंदीनंतर २०१७ मध्ये ती अट काढली. तेव्हापासून रोख, चेक किंवा खातं, तिन्ही चालते, आणि सरकार अधिसूचना काढून काही ठिकाणी फक्त चेक किंवा खातंच असं ठरवू शकते. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेनं घेतली, तिच्यात पण हेच मार्ग आहेत. पण अमुकच बँक घ्या असं मालकानं सांगावं, हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

पांढरकवड्याची लेक
मी तर म्हणते खात्यातच घ्या! माझ्या मायनं किती वर्ष मुकादमाच्या हातानं पैसे घेतले, अंगठा लावायचा एका रकमेवर अन हातात यायची दुसरी, इचारलं का म्हणे मागची उचल कापली. कागद नाही, पुरावा नाही, भांडाल कोणत्या तोंडानं? पासबुकात एंट्री असली का कोणी खोटं बोलू शकत नाही. अन घरच्या माणसाच्या हातात रोख पडली का ती कुठं जाते हे बायाईले सांगायची गरज नाही.

धारणीवरून
ताई तुमचं बरोबर असंल पण मशीनवर अंगठा उमटतो का ते पण पाहा ना. आमच्याकडं रोजगार हमीचे पैसे खात्यातच येतात, २०२४ च्या १ जानेवारीपासून आधार जोडणी पण सक्तीची झाली. काम करून करून बोटाच्या रेषा घासल्या त्या म्हाताऱ्याईले तीन तीन चकरा माराव्या लागतात, कधी नेटवर्क नाही, कधी केंद्रवाल्याजवळ नोटाच नाही. पैसे खात्यात जमा झाले म्हणजे मजुराले मिळाले असं नसते.

जिनिंगचा मुनीम
मालकाची पण बाजू ऐका जरा. दर शनिवारी शंभर माणसाचा हप्ता रोख आणायचा म्हणजे जीव मुठीत घेऊन मोटरसायकलवर यावं लागते. इन्कम टॅक्सवाले एका माणसाले एका दिवशी १० हजाराच्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत, पीएफचा हिशेब पण दाखवावा लागते.

रेचावाली
भाऊ, आमचा आठवड्याचा हप्ता १० हजार कुठं होते? रस्त्याचं तुमचं खरं हाय, ते मी मानतो.

पीककर्जवाला
एक गोष्ट कोणीच बोलून नाही रायलं. माझी बायको सरकी भरायले जाते, मालकानं सांगितलं त्या बँकेत आमचं जोडखातं, त्याच बँकेत माझं पीककर्ज थकलेलं. तिची मजुरी जमा झाली अन खात्याले होल्ड! दोन बोंडअळ्याचे सीझन गेले त्यात तिचा काय दोष? म्हणून बँक कोणती हे मजुरानंच ठरवलं पायजे, ह्यात मी मागं हटणार नाही.

पांढरकवड्याची लेक
हे मात्र मले पटलं. पण तिनं एकटीच्या नावावर जनधनचं खातं काढावं, मिनिमम बॅलन्स लागत नाही. रोखीवर परत जाऊ नका.

कायद्याचं बोला
आणि एक, वेतन संहितेप्रमाणं आठवड्यावर पगार असेल तर सुट्टीच्या आधी शेवटच्या कामाच्या दिवशीच द्यावा लागते. खात्यात देतो म्हणून मंगळवारपर्यंत लांबवणं चालत नाही.

धारणीवरून
शनिवारी संध्याकाळी जमा होऊन रविवारी बँक बंद, मग बाजार कायच्यावर करायचा? मी अजूनही म्हणतो ज्याले रोख पायजे त्याले रोख द्या.

रेचावाली
आम्ही सगळ्या मिळून सोमवारी मुनीमजीकडं जातो. म्हणतो खात्यात घेतो, पण आमच्याच खात्यात, अन शुक्रवारी टाका, म्हणजे शनिवारी काढता येते.