रेणू म्हणजे धूळच ना?

प्रश्न : एक भाषांतर तपासताना ‘स्फोट झालेल्या ताऱ्याच्या मलब्यातील रज आणि रेणू’ असा शब्दप्रयोग आढळला. संस्कृतात रज आणि रेणू हे दोन्ही शब्द धुळीचेच आहेत. मग येथे द्विरुक्ती झाली आहे का? आणि ‘मलबा’ चालेल का?

उत्तर : द्विरुक्ती नाही. ‘चरणरेणू’, ‘पुष्परेणू’ या शब्दांत रेणूचा जुना अर्थ मराठीतही टिकून आहे, हे खरे. परंतु विज्ञानाच्या परिभाषेत दोन किंवा अधिक अणू एकमेकांशी बांधले जाऊन जे बनते, त्याला आपण रेणू म्हणतो. (हिंदीत अणूला ‘परमाणु’ आणि रेणूला ‘अणु’ म्हणतात; हिंदीवरून भाषांतर करणाऱ्याने येथे फार जपले पाहिजे.)

या विषयात तर हा भेद पाळावाच लागतो. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठ्या मॅगेलॅनिक मेघात (आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेत) जो अतिनवतारा, म्हणजे स्फोट झालेला तारा (सुपरनोव्हा), दिसला, त्याने बाहेर फेकलेल्या द्रव्यात कार्बन मोनॉक्साइडचे रेणू पहिल्याच वर्षी अवरक्त वर्णपटावरून ओळखता आले. धूळ धरली ती त्यानंतर, दुसऱ्या वर्षी. आणि तिचा सुगावा लागला तो आपल्यापासून दूर जाणाऱ्या, पलीकडच्या द्रव्याचा प्रकाश तिने अडवल्यामुळे. पुढे २०११ मध्ये हर्शेल या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तेथे सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण निम्म्याइतकी धूळ असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि ती उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड होती. उलट, १०५४ साली दिसलेल्या स्फोटातून उरलेल्या क्रॅब तेजोमेघात २०१३ मध्ये आरगॉन आणि हायड्रोजन यांचा जोड असलेला आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, सापडला. त्याला धूळ म्हणणे कोणालाही सुचणार नाही.

‘धरली’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले. घरातली बरीचशी धूळ मोठ्या वस्तू झिजून होते. ही धूळ मात्र निवत जाणाऱ्या वायूतून, अणूला अणू चिकटत, लहानाची मोठी होते. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते, ती क्रिया याच्या अधिक जवळची आहे. तरीही काजळी म्हणता येत नाही, कारण यात कार्बनाबरोबर सिलिकेटचेही कण असतात. तेव्हा ‘धूळ’ हाच साधा शब्द ठेवावा. ‘रज’ नको, त्याने रेणूशी गोंधळ वाढतो.

‘मलबा’ ऐकल्यावर पडलेली इमारत डोळ्यांसमोर येते, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरणारा वायू येत नाही.

पुरवणी प्रश्न : मग ‘अवशेष’?

उत्तर : तो शब्द मोठ्या अर्थाने राखून ठेवलेला बरा. अतिनवताऱ्याच्या अवशेषात ताऱ्याने फेकलेल्या द्रव्याबरोबरच त्या द्रव्याने वाटेत लोटत नेलेला आंतरतारकीय वायूही येतो, आणि कधी कधी मध्यभागी उरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यालाही हाच शब्द लावला जातो. आपल्या वाक्यात केवळ ताऱ्याचे स्वतःचे द्रव्य अभिप्रेत असेल, तर मी असे लिहीन : ‘अतिनवताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्यातील रेणू आणि धूळ’.