अनुभव धागा: गिअरची स्पोर्टी गाडी आणि आपलं सोलापूर

मंडळी, गाडीचे १० हजार किलोमीटर पूर्ण झाले म्हणून हा धागा काढतोय. गाडी व्हर्टस जीटी, दीड लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअर, हातानं टाकायचे. घेताना सासऱ्यांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढे पैसे घालतोयस तर ऑटोमॅटिक का घेईनास. तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं, आता येतंय.

पहाटे साडेपाचला तुळजापूरला निघायचं. तामलवाडीपर्यंत रस्ता सरळ, सहाव्यात निवांत, पाय हलका ठेवला की इंजिन चारातले दोन सिलेंडर आपोआप बंद करतं आणि आत बसलेल्याला कळतसुद्धा नाही. खरी मजा पुढं घाटात. कागदावर ताकद १५० पीएस आणि ओढ २५० न्यूटन मीटर, पण ते २५० साधारण १६०० आरपीएमपासून (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) ३५०० पर्यंत सलग मिळतात हे महत्त्वाचं, त्यामुळं तिसऱ्यात ठेवून वळणामागून वळण चढत जायचं, इंजिन कुठंच धापा टाकत नाही. वळणाच्या आधी दुसरा की तिसरा हे मी ठरवणार, गाडी नाही. आपण ठरवलं आणि ते बरोबर निघालं की जे वाटतं ना, ते सासऱ्यांना सांगता येत नव्हतं. वेगाचं म्हणाल तर मी तिथं साठच्या वर जातच नाही, लागतच नाही.

एक मात्र सांगतो, नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत त्या रस्त्यावर चालत जाणारे भाविक असतात, त्या दिवसांत हौसेसाठी तिकडं गाडी घालू नका.

तुमचे अनुभव लिहा. गाडी कुठलीही चालेल, क्लच पाहिजे.

* * *

होटगी रोडवरून लिहितोय. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही, टर्बो सेडान आहे, गिअरची. माझा अनुभव थोडा कडू. ४० हजार किलोमीटरलाच क्लच प्लेट गेली. मेकॅनिकनं शेजारी बसून एक चक्कर मारली, सात रस्ता ते नवी पेठ, आणि म्हणाला साहेब तुमचा डावा पाय सारखा क्लचवरच आहे. खरं होतं. गर्दीत पाऊल पेडलवर नुसतं टेकवून ठेवलं तरी प्लेट थोडी घसरत राहते, तापते, बेअरिंगही झिजतं. त्यात आपला मे महिना, बाहेर ४३ डिग्री, एसी फुल्ल, आणि ताकदीची गाडी म्हणून सिग्नल सुटला की मी जरा जास्तच रेस देऊन क्लच सोडायचो. आता सवय बदलली, थांबलो की न्यूट्रल आणि पाय बाजूच्या डेड पेडलवर, म्हणजे पाय टेकवायच्या पट्टीवर. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या दिवसांत तर गाडी घरी, मी चालत. पण ऑटोमॅटिक घेऊ का असा विचार आला का? नाही आला.

* * *

वरच्या दादांना विचारायचंय, उसाच्या ट्रॉल्यांचं काय करता? नोव्हेंबर ते मार्च पंढरपूर रोडला आणि मोहोळकडं एकेका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. मला मॅन्युअलचा सगळ्यात जास्त उपयोग इथं झाला. ओव्हरटेक करायच्या आधीच चौथ्यातून तिसऱ्यात आणून ठेवायचं, समोरचं नीट दिसलं की मगच दाबायचं, गाडी लगेच उचलते, गिअर बदलायची वाट बघावी लागत नाही. आणि समोरचं नाही दिसलं तर तिसऱ्यातच मागं राहायचं. गडबड करून जीव घालवण्यात काय अर्थ आहे बे.

* * *

मी मूळचा जुळे सोलापूरचा, चार वर्षं जपानात होतो. तिकडं लायसन्सच दोन तऱ्हेचं असतं, एक फक्त ऑटोमॅटिकचं आणि एक सगळ्या गाड्यांचं, मी हट्टानं दुसरं काढलं. एका रविवारी टोयोटा जीआर८६ भाड्यानं घेऊन हाकोनेच्या डोंगरात गेलो. जपानातही आपल्यासारखं डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे गिअर डाव्याच हातात, त्यामुळं पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटलं. बसायची जागा इतकी खाली की जमिनीवर मांडी घातल्यागत. इंजिन २.४ लिटरचं, सिलेंडर आडवे झोपवलेले, त्यामुळं वजन खाली राहतं आणि वळणात गाडी कलंडल्यासारखी वाटतच नाही. टर्बो नाही. धागाकर्त्याच्या गाडीच्या बरोबर उलटा स्वभाव, खालच्या आरपीएमला शांत आणि पूर्ण ताकद ७००० ला, म्हणजे गिअर वर टाकायची घाई करायचीच नाही, इंजिनला गाऊ द्यायचं. ताकद मागच्या चाकांना जाते, वळणातून निघताना मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं वाटतं. गिअरचा दांडा आखूड, टक् करून जागेवर बसतो. ती टक् अजून हातात आहे. ही गाडी आपल्याकडं विकत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

* * *

थोडक्यात लिहितो. पुण्यात मित्राच्या ओळखीनं बीएमडब्ल्यू एम२ मध्ये बसायला मिळालं, २०२३ ची, ४६० हॉर्सपॉवर, आणि चक्क सहा गिअर हातानं टाकायचे. खालचा गिअर टाकताना रेस ती स्वतःच देते, पाहिजे तर ते बंद करता येतं. मित्रानं बंदच ठेवलं होतं. मला ते फार आवडलं. २०२५ ला आपल्याकडं गोल्फ जीटीआय आली, ऑक्टेव्हिया आरएस परत आली, दोन्ही फक्त ऑटोमॅटिक. म्हणून ज्यांच्याकडं गिअरच्या आहेत त्यांनी जपा.

* * *

मी अक्कलकोट रोडवरची. माझी आय२० एन लाइन, २०२३ च्या शेवटी घेतली. त्याच्या आधी या गाडीला क्लच पेडल नसलेला गिअर नाहीतर ऑटोमॅटिक असंच मिळायचं, सहा गिअरचा खरा मॅन्युअल आला म्हटल्यावर लगेच बुक केली. एक लिटर, तीन सिलेंडर, १२० पीएस, शहराला भरपूर.

वर रेस देण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना माझी गाडी नेहमी झटका खायची. कारण साधं आहे, त्याच वेगाला तिसऱ्यात २५०० आरपीएम असतील तर दुसऱ्यात इंजिनला ३७००-३८०० लागतात, ते आपण दिले नाहीत तर चाकं इंजिनला ओढून वर नेतात आणि तो झटका आपल्याला बसतो. मी यावर व्हिडिओ बघून बघून थकले. आमचे अण्णा बत्तीस वर्षं ट्रकवर होते, हैदराबाद, विजापूर, पुणे, सगळं. एक दिवस मागच्या सीटवरून म्हणाले, "अगं रेस दे की मधी, आम्ही डबल क्लच मारायचो ते काय उगंच?" डबल क्लच म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा आणि मधी रेस द्यायची. जुन्या ट्रकचे गिअर रेस जुळवल्याशिवाय बसायचेच नाहीत, करकर करायचे, त्यामुळं यांच्या पायात ते कायमचं बसलंय. त्यांनी मला बोरामणीच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर दोन रविवार शिकवलं. क्लच दाब, किंचित रेस, गिअर, सोड. कान इंजिनकडं ठेव, काट्याकडं बघू नको म्हणाले. तिसऱ्या रविवारी झटका गेला, आणि ते काही बोलले नाहीत, फक्त खिडकीची काच खाली केली आवाज ऐकायला.

मग मी गाडी कडेला घेतली आणि त्यांना चालवायला दिली. ७१ वय, लायसन्स चालू आहे. पहिला, दुसरा, तिसरा, एकदाही धक्का नाही, दांड्यावर नुसती दोन बोटं. पाचव्यावर आले आणि तिथंच राहिले. म्हटलं अण्णा, सहावा टाका, पाचव्याच्या सरळ खाली आहे. त्यांनी हात उचलला, परत ठेवला. आमच्या जुन्या ओम्नीला तिथं रिव्हर्स होता.

"नक्की ना?" म्हणाले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून टाकला.