पीएफएमचा पहिला अल्बम: इटालियनच ऐकायचा की इंग्रजी?

फुटाळा_साईड:
मंडळी, फ्लॉइड झालं, जेनेसिस झालं, आता इटालियन प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, ऐकून राहिलो. जो तो एकच नाव घेतो: प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, म्हणजे पीएफएम बँड, आणि त्यांचा पहिला अल्बम 'स्तोरिया दी उन मिनुतो', १९७२. रूममेट म्हणतो, भाषा कळत नाही तर डोकं कशाला लावतो, 'फोटोज ऑफ घोस्ट्स' ऐक, तोच अल्बम इंग्रजीत आहे. खरंच तोच आहे का? इटालियनचं एक अक्षर येत नाही मला. सुरुवात कुठून करू?

इतवारीचा_कीबोर्डवाला:
नाही बे, तोच कसा असेल? 'फोटोज ऑफ घोस्ट्स' १९७३ चा. इमर्सन, लेक अँड पामरच्या मँटिकोर लेबलनं काढला आणि इंग्रजी शब्द पीट सिनफील्डचे, जो आधी किंग क्रिमसन बँडसाठी गाणी लिहायचा. त्यात पहिल्या अल्बममधलं गाणं एकच आहे, 'ए फेस्ता'. तिथं त्याचं 'सेलिब्रेशन' झालं. बाकी बहुतेक माल दुसऱ्या अल्बममधला, म्हणजे 'पेर उन आमिको'मधला. वरून सिनफील्डनं भाषांतर केलंच नाही, चालीवर स्वतःच्या कविता बसवल्या. अर्थ कळावा म्हणून इंग्रजी लावशील आणि भलताच अर्थ घेऊन बसशील.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. गणपतीत महाल-इतवारी, लग्नसराईत वर्धा-भंडारा. त्यामुळे माझा कान आधी वाजवणाऱ्याच्या हाताकडे जातो. पीएफएममधले बरेच जण आधी 'इ क्वेल्ली' नावाच्या बँडमध्ये होते आणि स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवायचे. फाब्रित्सिओ दे आंद्रे या गायक-गीतकाराच्या १९७० च्या 'ला बुओना नोव्हेल्ला'वर तेच आहेत. पहिला अल्बम असूनही नवखेपणा ऐकू येत नाही, तो यामुळे.

तू पहिल्या अल्बममधलं 'इम्प्रेसिओनी दी सेत्तेम्ब्रे' लाव. गिटारवाला फ्रांको मुसिदा हलक्या आवाजात गातो. पहाट आहे, दव आहे, धुकं आहे, मातीचा वास येऊन राहिलाय. मग चाल चढत जाते, आता ध्रुवपद येईल म्हणून आपण कान टवकारतो, आणि गातच नाही कोणी! ती जागा फ्लावियो प्रेमोली मूग सिंथेसायझरवर वाजवतो. आता सांग, ज्या ओळीसाठी अख्खा इटली हे गाणं ओळखतो, तिला शब्दच नाहीत, तर भाषेनं तुझं काय अडलं?

आणखी एक. त्या काळच्या मूगवर एका वेळी एकच सूर निघायचा. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजणार. आम्ही कीबोर्डवाले दहा बोटांनी कॉर्ड भरून टाकतो, इथं ती सोयच नाही. म्हणून ती ओळ गळ्यातून आल्यासारखी लागते.

आणि हो, ऐकताना कूलर बंद कर. सुरुवातीचं 'इंत्रोदुत्सिओने' मिनिटभराचं आहे आणि इतकं हळू सुरू होतं की कूलरच्या घरघरीत काही हाती लागणार नाही.

बर्डी_टू_रोम:
काका, सगळं मान्य, पण पहिल्या अल्बमचा विषय निघाला आणि बांको देल मूतुओ सोक्कोर्सो या बँडचं नाव नाही? त्यांचाही १९७२ चाच. कव्हर पैसे साठवायच्या गल्ल्याच्या आकाराचं कापलेलं. नोचेंत्सी बंधू, एक पियानोवर, एक ऑर्गनवर. आणि फ्रांचेस्को दी जाकोमोचा आवाज! पीएफएममध्ये त्या तोडीचा गाणारा एकही नाही. 'इल जार्दिनो देल मागो' ऐकवा याला.

तर्री_मारके:
मे महिन्यात कूलर बंद करा म्हणे. काकांनी पोराचा जीव घ्यायचं ठरवलेलं दिसते.

इतवारीचा_कीबोर्डवाला:
@तर्री_मारके एक मिनिट बे, एक मिनिट!

@बर्डी_टू_रोम, आवाजाचं शंभर टक्के खरं. दी जाकोमोपुढे मुसिदा गायक म्हणून उभा राहत नाही, आणि पीएफएमला ही उणीव बरीच वर्षं नडली. दोन भाऊ दोन कीबोर्डवर, त्याचा तर मला हेवाच वाटतो. पण 'जार्दिनो' अठरा मिनिटांचं आहे राजा. पोरगं पहिल्यांदा पंगतीला बसलं आणि तू थेट सावजी वाढून राहिला. त्याला आधी त्याच अल्बममधलं 'आर.आय.पी.' दे.

फुटाळा_साईड:
ऐकलं! मूगची ओळ सकाळपासून डोक्यात घुमून राहिली. (कूलर मेसच्या पोरांनी चालू केला, माझा नाइलाज होता. हेडफोनवर भागवलं.) काका, या गाण्याचं इंग्रजी आहेच नाही का मग?

इतवारीचा_कीबोर्डवाला:
आहे ना. १९७४ चं 'द वर्ल्ड बिकेम द वर्ल्ड', त्याच नावाच्या अल्बमवर. शब्द पुन्हा सिनफील्डचेच. वाईट नाही, पण महिनाभर तरी त्याच्या वाटेला जाऊ नको. आता 'दोव्हे... क्वांदो...'चे दोन्ही भाग सलग ऐक आणि शफल बंद ठेव, नाही तर पहिल्या भागातलं गाणं संपल्यावर दुसऱ्यात बँड कुठल्या कुठं जातो ते कळणार नाही. त्यानंतर 'ला कारोत्सा दी हान्स'. त्यात ताल कुठं कुठं बदलतो ते मोजून इथं लिही. माझा आकडा मी नंतर सांगतो.