ला पेलोसा बीच, सार्डिनिया (इटलीचं बेट): जुलैत जायचं तर?

प्रश्न: नाशिकहून चौघं, त्यात ८ वर्षांचा मुलगा. तिथं थेट गेलं तर आत सोडतात का?

उत्तर १: नाही. उन्हाळ्यात दिवसाला १५०० माणसांनाच प्रवेश, बुकिंग ऑनलाइन. तिकीट साडेतीन युरो, १२ वर्षांखालच्यांना फुकट. जवळचा विमानतळ अल्गेरो. शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा.

उत्तर २: चटई विसरू नका! नुसता टॉवेल अंथरायला तिथं बंदी आहे. ओल्या टॉवेलला वाळू चिकटून किनाऱ्याबाहेर जाते, म्हणून खाली चटई सक्तीची. नाशिकच्या मेन रोडवरून घडीची प्लॅस्टिकची घ्या. निघताना पाय, चपला, खेळणी झटका. पोरानं वाळू-शिंपले खिशात घातले तर दंड ५०० ते ३००० युरो; गोदेकाठचे गोटे नव्हेत ते.

उत्तर ३: पाणी उथळ, मुलाला उत्तम. मात्र वायव्येचा मिस्त्राल वारा सुटला की छत्री उडते. लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरूच नका. आणि सिगारेट तिथं बंद.