गोल्फ कम्युनिटीत घर घेताना काय बघावं? (फ्लोरिडा) – अनुभवी मंडळींचा सल्ला हवाय

सोनचाफा:
नमस्कार मंडळी. आम्ही २३ वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला आहोत. ह्यांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष उरलंय, मुलं मार्गाला लागली. सासूबाई ८२ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. इथल्या थंडीत त्यांचे गुडघे इतके आखडतात की नोव्हेंबर ते मार्च त्या उंबरा ओलांडत नाहीत. म्हणून फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, एस्टेरो-बोनिटा स्प्रिंग्ज भागात घर शोधतोय.

मागच्या महिन्यात एक घर पाहिलं आणि तिघांनाही आवडलं. गोल्फ कम्युनिटीतलं, कोर्सच्या सातव्या होलला (खेळाच्या सातव्या टप्प्याला) लागून. मागे जाळीची लनाई (छप्पर असलेली पडवी), समोर तळं, पलीकडे नजर पोचेल तिथवर हिरवळ. सासूबाई लनाईतल्या खुर्चीत टेकल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत. तुळस कुठल्या कोपऱ्यात ठेवायची तेही त्यांनी सांगून टाकलं. हे तीन वर्षांपासून गोल्फ खेळतात. मी खेळत नाही आणि या वयात शिकेन असं वाटत नाही.

एजंट म्हणते कम्युनिटी 'बंडल्ड' आहे, म्हणजे घराबरोबर गोल्फची मेंबरशिप आलीच, वेगळं काही भरायचं नाही. पण जन्मभराची पुंजी घालायची म्हणजे मनात धाकधूक आहे. असं घर घेतलेल्यांनी कृपया सांगा: काय विचारायला हवं होतं आणि विचारलं गेलं नाही? कागद कुठले मागायचे? आणि घरात खेळणारा एकच असेल तर घ्यावं का?

वाळवंटातली_विहीर:
ताई, आम्ही फीनिक्सजवळ गोल्फ कोर्सला लागून ११ वर्षं राहिलो. माझा पहिला प्रश्न: टी बॉक्सवर (होलचा पहिला फटका मारतात तिथे) उभं राहून फेअरवेकडे (समोरच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याकडे) तोंड केलं तर तुमचं घर उजवीकडे येतं की डावीकडे? बहुतेक लोक उजव्या हाताने खेळतात, आणि हौशी खेळाडूचा फटका चुकला की चेंडू उजवीकडे वळत जातो. त्याला स्लाइस म्हणतात, तुमच्या मिस्टरांना माहीत असेलच. त्यामुळे टीपासून दीडशे ते अडीचशे यार्डांवर, उजव्या हाताच्या घरांना सगळ्यात जास्त मार बसतो. आमचं घर नेमकं तिथे होतं. घेताना कोणी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही.

चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण दगडासारखा कडक. पहिल्याच वर्षी स्वयंपाकघराची खिडकी फुटली. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. आवाज इतका मोठा झाला की मला वाटलं कुकरच उडाला. परातीतल्या पिठात काचेचा चुरा, पोळपाटावर चुरा, केसांत चुरा. भिजवलेली कणीक, झालेल्या पोळ्या, सगळं टाकून दिलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्या दिवसानंतर तिला मागच्या अंगणात एकटीला कधी सोडलं नाही. म्हणजे ज्या अंगणासाठी जास्त पैसे मोजले तेच वापरायचं बंद झालं.

ज्याने चेंडू मारला तो थांबला नाही. क्लबने हात वर केले. आमच्या कागदांत इझमेंट (आमच्या जमिनीवर दुसऱ्याला दिलेला हक्क) लिहिलेलंच होतं की चेंडू तुमच्या हद्दीत येणार, ते मान्य करून तुम्ही घर घेताय. विम्याचं डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) काचेच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून पैसे खिशातूनच गेले. मागे जाळी लावायची म्हटली तर एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) समितीने दृश्य अडतं म्हणून परवानगी नाकारली.

तेव्हा घर बघायला पुन्हा जाल तेव्हा पाठीमागच्या भिंतीचं स्टको (बाहेरचा गिलावा) जवळून न्याहाळा. नाण्याएवढे गोल खळगे किंवा त्यावर रंगाचे ताजे डाग दिसले की समजायचं. लनाईच्या जाळीला ठिगळं आहेत का, छपराची कौलं तडकलीत का, झुडपांच्या बुंध्याशी किती चेंडू पडलेत, तेही बघा. शनिवारी सकाळी जा, मंगळवारी दुपारी नको. गवत कापायची यंत्रं उजाडायच्या आत सुरू होतात, म्हणून सासूबाईंची खोली कुठल्या बाजूला येते तेही बघा.

चांगलं सांगायचं तर वसंतात लाव्याची पिल्लं आईमागून रांगेने अंगणातून जायची. ते अजून आठवतं.

जमाखर्च:
टॅम्पाजवळ राहतो, पेशाने अकाउंटंट, आमच्या एचओएच्या बोर्डावर पाच वर्षं खजिनदार होतो. 'वेगळं काही भरायचं नाही' हे वाक्य आधी डोक्यातून काढा. बंडल्डचा अर्थ इतकाच की कोर्सचा खर्च सगळ्या घरांच्या फीमध्ये वाटलेला असतो. घरात तिघं खेळोत, एक खेळो की कोणीच नाही, हप्ता तोच. वर प्रत्येक राउंडला कार्टचे पैसे बहुधा वेगळे. क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या) वेळी नव्या मालकाकडून एकरकमी कॅपिटल कॉन्ट्रिब्युशन घेतात का तेही विचारा. शिवाय बऱ्याच क्लबांत फूड मिनिमम असतं, म्हणजे वर्षाकाठी अमुक डॉलरचं क्लबच्या रेस्टॉरंटमध्ये खाल्लंच पाहिजे, नाही खाल्लं तरी बिल येतं. शाकाहारी असाल तर तिथला मेनू आधी मागवा. आमच्या ओळखीचं एक कुटुंब दर डिसेंबरला उरलेले पैसे वसूल करायला चीज सँडविच आणि फ्राइज डब्यात भरून घरी आणतं.

दुसरं, सीडीडी, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट. फ्लोरिडात १९८० च्या कायद्याने ही व्यवस्था आहे. रस्ते, तळी, सांडपाण्याच्या वाहिन्या बांधायला ती रोखे काढते आणि त्यांची फेड घरमालक करतात, अनेकदा ३० वर्षांपर्यंत. ही रक्कम एचओएच्या हप्त्यात दिसत नाही, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर वेगळ्या रकान्यात येते. तिचे दोन भाग असतात, कर्जफेडीचा आणि देखभालीचा. पहिला कधीतरी संपतो, दुसरा कधीच नाही. या घरावर कर्जाचा किती भाग शिल्लक आहे ते लेखी मागा.

आणि विकणाऱ्याचं टॅक्स बिल बघून हिशेब करू नका. त्याला होमस्टेडची (स्वतः राहत्या घरावरची) करसवलत असेल तर घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढलेलं असतं. तुम्ही घेतल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ते बाजारभावाला येतं. वीस वर्षं राहिलेल्या माणसाचं बिल आणि तुमचं बिल यांत दुपटीहून जास्त फरक असू शकतो.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही घराबरोबर एका धंद्यातला हिस्सा विकत घेताय. धंदा कसा चाललाय ते कळल्याशिवाय सही करू नका. कोर्सची प्रत्येक गोष्ट झिजते. बंकरमधली (कोर्सवरच्या मुद्दाम केलेल्या खड्ड्यांतली) वाळू साधारण ५ ते ७ वर्षांनी बदलावी लागते, पाणी देण्याची यंत्रणा १० ते ३० वर्षं टिकते, ग्रीन्स (भोकाभोवतालची बारीक कापलेली हिरवळ) १५ ते ३०. ही कामं शेवटची कधी झाली आणि पुढच्या कामासाठी रिझर्व्हमध्ये (राखीव निधीत) किती पैसे आहेत, हे विचारा. पैसे नसतील तर स्पेशल असेसमेंट येणार, म्हणजे एक दिवस पत्र येणार की प्रत्येक घराने इतके हजार डॉलर भरा.

बजेट, रिझर्व्ह स्टडी, ऑडिट मागाच. पण सगळ्यात खरं बोलतात ती बोर्डाच्या बैठकांची मिनिट्स (इतिवृत्तं). मागच्या तीन वर्षांची मागून घ्या आणि रात्री निवांत बसून वाचा. माहितीपत्रकात जे कधीच येणार नाही ते तिथे तारखेसकट असतं.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. फ्लोरिडात करारावर सही करण्याआधी एचओएची डिस्क्लोजर समरी तुमच्या हातात यायला हवी. आली नाही तर ती मिळाल्यापासून तीन दिवसांत, आणि क्लोजिंगच्या आत, करार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

कोवळं_ऊन:
वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. आम्हाला घर विकायला आठ महिने लागले. बघायला माणसं भरपूर यायची, पण न खेळणारी सगळी महिन्याची फी ऐकून परत जायची. घेतानाच विकण्याचा विचार करून ठेवा.

सोनचाफा:
सगळ्यांचे मनापासून आभार. हे काल रात्री सगळे प्रतिसाद दोनदा वाचून झोपले. घर उजवीकडेच आहे हो, आणि फोनवरच्या नकाशात मोजलं तर टीपासून अंदाजे १८० यार्ड. इतका मारा होत असेल तर क्लबवर दावा करता येत नाही का? आणि कोर्सच बंद पडला तर?

जमाखर्च:
दाव्याच्या भरवशावर घर घेऊ नका. मॅसॅच्युसेट्समधल्या किंग्स्टनचं प्रकरण गाजलं होतं. पंधराव्या होलजवळच्या घरावर शेकडो चेंडू आदळले होते. ज्युरीने भरपाई दिली, व्याजासकट सुमारे ४९ लाख डॉलर. पण २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण घराच्या कागदांत कोर्सला दिलेल्या हक्कांचा अर्थ ज्युरीसमोर नीट मांडला गेला नव्हता. सगळा खेळ त्या नोंदवलेल्या कागदांवर चालतो. म्हणून सीसीअँडआर (कम्युनिटीच्या नोंदवलेल्या अटी) आणि इझमेंटची कलमं स्थानिक वकिलाकडून वाचून घ्या. जे पैसे जातील ते सत्कारणी लागतील.

पायवाट:
बंद पडण्याबद्दल मी सांगते. मी फीनिक्सच्या अह्वाटुकी भागात राहते. इथला लेक्स गोल्फ कोर्स २०१३ मध्ये बंद झाला. त्या जमिनीवर घरं बांधायची योजना आली. रहिवासी कोर्टात गेले आणि जिंकलेही, कारण ही जागा गोल्फ कोर्सच राहील असं जमिनीच्या नोंदणीकृत अटींत स्पष्ट लिहिलेलं होतं. पण निकाल, अपील, पुन्हा अपील यांत वर्षं गेली. तोवर ज्यांनी हिरवळीसाठी जास्त पैसे मोजले होते त्यांच्या परसदारी वाळलेलं गवत आणि कुंपणाची जाळी होती.

तुमच्याकडे कोर्स रहिवाशांच्या मालकीचा असेल तर ही भीती कमी. खाजगी मालकाचा असेल तर जमिनीवर काय अटी नोंदवल्यात, झोनिंग काय, मालकाने कधी दुसरी योजना मांडली होती का, हे काउंटीच्या ऑफिसातून काढा. 'कोर्स व्ह्यू' हा शब्द जाहिरातीत असतो, डीडमध्ये (खरेदीखतात) नसतो.

निरांजन:
एक मुद्दा तब्येतीचा. कोर्सवर तणनाशकं, बुरशीनाशकं नेहमी मारली जातात. २०२५ मध्ये मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोल्फ कोर्सपासून एक मैलाच्या आत राहणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण, सहा मैलांपलीकडे राहणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून जास्त दिसलं. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, फक्त संबंध दाखवतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण घरात ८२ वर्षांच्या आजी आहेत म्हणून विचारून ठेवा: पिण्याचं पाणी नगरपालिकेचं की विहिरीचं? फवारणी कुठल्या दिवशी, आणि आधी सूचना देतात का? फवारणीच्या सकाळी आजींनी लनाईत बसू नये.

आणि तळ्याच्या काठाशी आजींना एकटं जाऊ देऊ नका. फ्लोरिडात गोड्या पाण्याचं तळं म्हटलं की मगर असू शकते हे धरूनच चालायचं.

बावधनकर:
इथे पुण्यात राहणाऱ्या आणि गोल्फ प्रोजेक्ट बघणाऱ्यांसाठी थोडं, कारण धागा वाचून बरेच जण विचारतील. आपल्याकडे मुख्य प्रश्न मालकीचा. कोर्स सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्समध्ये (मालकी हस्तांतरणात) येणार, की बिल्डरच्या कंपनीकडे राहून तुम्हाला फक्त ठरावीक वर्षांची मेंबरशिप मिळणार? महारेराच्या संकेतस्थळावर प्रोजेक्टचा मंजूर लेआउट आणि कराराचा मसुदा असतो, माहितीपत्रक बाजूला ठेवून ते बघा. कोर्स कुठल्या टप्प्यात दाखवलाय तेही तिथेच कळतं. आणि उन्हाळ्यात त्याला पाणी कुठून येणार हे विचारा. सांडपाणी शुद्ध करून वापरणार असतील तर उत्तम. टँकर असतील तर तो खर्च तुमच्या मेंटेनन्समध्ये येणार.

सोनचाफा:
अपडेट देते. आम्ही दोघं शनिवारी पुन्हा जाऊन आलो. परवानगी घेऊन सकाळी आठ ते दहा त्याच लनाईत बसलो. दोन तासांत चार चेंडू आले. दोन तळ्यात, एक गवतावर, आणि एक थेट जाळीवर, सासूबाई बसल्या होत्या त्या खुर्चीच्या वर हातभर अंतरावर. मी तेव्हाच उठले. भिंतीवर खळगे होतेच, मागच्या वेळी ते दिसले नव्हते कारण आम्ही तळ्याकडे बघत होतो.

ते घर सोडलं. पण त्याच कम्युनिटीत आतल्या रस्त्यावर एक घर निघालं, मागे कोर्स नाही, राखीव पाणथळ जंगल आहे. फी तीच, किंमत कमी, ह्यांना खेळायला कार्टने चार मिनिटं. आम्ही उभे असताना लाल टोपीचे दोन क्रौंच सावकाश चालत गेले. सासूबाईंना व्हिडिओ पाठवला. तळं नाही म्हणून जरा हिरमुसल्या, पण पक्षी पुन्हा लावून दाखव म्हणाल्या.

जमाखर्च, तुमच्या सांगण्यावरून मिनिट्स मागवली. एजंटने दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा मिळाली. मार्चच्या बैठकीत पाण्याचे पंप आणि पाइपलाइन बदलण्यासाठी निविदा मागवायचं ठरलंय, रक्कम ठरलेली नाही. आता काय करू?

जमाखर्च:
घर आवडलं असेल तर एवढ्यावरून सोडू नका, काम करताहेत ही चांगली खूण आहे. ऑफरमध्ये वकिलाकडून कलम घालून घ्या: क्लोजिंगच्या आधी मंजूर झालेलं कुठलंही स्पेशल असेसमेंट विकणाऱ्याने पूर्ण भरायचं. क्लोजिंग लांबवायचा त्याचा प्रयत्न असेल किंवा घाई असेल, दोन्हीकडे लक्ष ठेवा. बोर्डाची पुढची बैठक कधी आहे ते आजच विचारा. छपराचं वय, पुराचा झोन आणि विम्याचं लेखी कोटेशन हातात आल्याशिवाय इन्स्पेक्शनची मुदत संपू देऊ नका. २०२२ च्या इयन वादळानंतर त्या भागात ह्या तीन गोष्टींवर फार सौदे मोडलेत.

सोनचाफा:
पुढची बैठक १९ तारखेला आहे. वकील ठरवला, कलम घालून ऑफर काल रात्री पाठवली. छप्पर २०२३ चं आहे, कागद मिळाला. विम्याचं कोटेशन सोमवारी येईल. एस्टेरो, बोनिटा किंवा फोर्ट मायर्सला कोणी मराठी मंडळी असतील तर कृपया संपर्कातून कळवा. सासूबाईंना दुपारी गप्पा मारायला कोणीतरी हवं आहे.