मेडिकलचे उपसर्ग: हायपर-हायपो, इंटर-इंट्रा डोक्यात कसे बसवायचे?

प्रश्न (जीएनएम म्हणजे नर्सिंग डिप्लोमा, प्रथम वर्ष, चोपडा)
बारावीपर्यंत मराठी माध्यम. उपसर्गांची यादी पाठ होते, पण पेपरात हायपर-हायपो आणि इंटर-इंट्रा यांची अदलाबदल होते. घोकंपट्टीशिवाय काही रीत आहे का?

उत्तर (नर्सिंग ट्यूटर, धुळे)
यादी बाजूला ठेव. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे यातले बरेच उपसर्ग तुझ्या तोंडात आधीच आहेत. नकारासाठी व्यंजनापुढे 'अ' (अज्ञान), स्वरापुढे 'अन्' (अनिच्छा). ग्रीकचा नियमही तोच: अ‍ॅप्निया म्हणजे श्वास थांबणं, अ‍ॅन्युरिया म्हणजे लघवी जवळपास बंद. 'डिस' हा आपला 'दुस्': दुष्काळ, तसा डिस्प्निया, श्वास घ्यायला त्रास. 'पेरी' म्हणजे 'परि', म्हणून पेरिकार्डियम हे हृदयाभोवतीचं आवरण. हायपर (वर, जास्त) हा 'उपरि'चा भाऊबंद, हायपो (खाली, कमी) 'उप'चा.
इंटर-इंट्रासाठी एसटी आठव. जळगाव-धुळे आंतरजिल्हा, चोपडा-यावल जिल्ह्यांतर्गत. इंटरकोस्टल म्हणजे दोन बरगड्यांच्या मधलं, इंट्राव्हेनस म्हणजे शिरेच्या आत.

उत्तर (स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड, जळगाव)
सोबत आकडे हवेतच. एकच शब्द धरून उपसर्ग बदलत जा. मोठ्या माणसाची 24 तासांची लघवी 3 लिटरच्या वर गेली तर पॉलियुरिया, 400 मिलीच्या खाली ऑलिगुरिया, 100 च्या खाली अ‍ॅन्युरिया. डिसयुरियात मोजायचं काही नाही, लघवीला जळजळ.
मग मे महिन्यातला उष्माघाताचा केसपेपर वाच. ताप 40 अंशांच्या वर: हायपरथर्मिया. घामावाटे पाणी गेलं, शिरा सैलावल्या, बीपी उतरलं: हायपोटेन्शन. ते सावरायला नाडी 100 च्या वर पळते: टॅकिकार्डिया. किडनीला रक्त कमी पडतं: ऑलिगुरिया. कारण कळलं की अदलाबदल होत नाही.
आणि पुढच्या नर्सला ड्युटी देताना किंवा फोनवर नुसतं 'हायपोग्लायसेमिया' म्हणू नकोस. ऐकणाऱ्याला 'हायपर' ऐकू आलं तर साखर उतरलेल्या पेशंटला इन्सुलिन जाईल, जीवावर बेतेल. 'साखर कमी आहे, 52' असं आकड्यासकट सांग. 70 च्या खाली हायपो.

उत्तर (एएनएम म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, शहादा)
देवनागरीत नोट्स काढत असशील तर 'अँटी' जपून. अँटीनेटलमधल्या (बाळंतपणाआधीचं) उपसर्गाचं इंग्रजीतलं चौथं अक्षर 'ई', अर्थ 'आधी'. अँटीबायोटिकमध्ये ते 'आय', अर्थ 'विरोधी'. शिवाय प्रत्येक 'पॅरा' उपसर्ग नसतो. पॅराथायरॉइडमधला आहे, थायरॉइडच्या शेजारी. गरोदर बाईच्या पेपरवर 'जी 3 पी 2' (तिसरं गरोदरपण, आधीची दोन बाळंतपणं) असतं, त्यातला पी म्हणजे पॅरा, पण तो लॅटिनमधल्या 'जन्म देणे' या क्रियापदावरून आलाय.

प्रश्नकर्ती
मॅडम, मग 'राइट हायपोकॉन्ड्रियम'मध्ये काय कमी असतं?

नर्सिंग ट्यूटर, धुळे
काहीच नाही. तिथे हायपो म्हणजे 'खाली', कॉन्ड्रो म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेखालचा पोटाचा भाग. उजवीकडे तिथे यकृत आणि पित्ताशय, डावीकडे प्लीहा.